दूध संस्थेच्या कॉम्प्युटरचा दरवाजा

किश्शांचं उंदरासारखं असतं. एक धरायला जावं, तर बिळातून सात बाहेर! आमच्या सणसरकडच्या दूध संस्थेत कॉम्प्युटर आला, तेव्हापासूनचे तर पोत्यानं साठलेत.

कॉम्प्युटर चालू करून द्यायला बारामतीचा नितीन आला होता. नवा, तात्पुरता. चेअरमन आबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पोरा, ह्या डब्यात एक जरी परका माणूस शिरला, तर डबा बारामतीला परत. अन् त्याच्या मागनं तू!"

नितीन कामाला लागला. स्क्रीनवर आत शिरायचा दरवाजा म्हणजे नावाची चौकट, पासवर्डची चौकट आणि एक बटण. मोटर बिघडली की आपण स्टार्टर वेगळा, फ्यूज वेगळा बघतो, तसा हा एकेक भाग सुटा तपासायचा. मला म्हणाला, "तात्या, तुम्ही मुद्दाम चुकीचं टाइप करा."

"लेका, चुकीचं करायचा पगार देतोस? आजवर फुकट केलं की रं!"

* * *

एकदा नुसतं बटण तपासायचं होतं. नाव-पासवर्ड बरोबर आहे, असं नितीननं मशीनला आधीच खोटं सांगून ठेवलं. संचालक दगडूरावांनी बटण दाबलं. स्क्रीनवर 'वेलकम'!

दगडूराव मागं सरकले. "नाव न्हाय, गाव न्हाय, अन् डायरेक्ट वेलकम? निवडणूक लागली का काय?"

* * *

मग पासवर्डची चौकट. अक्षर दाबलं की चांदणी उमटायची. दगडूरावांना संशय, की शेजारी बसलेल्या मला खरी अक्षरं दिसत असणार! मला उठवलं, माझ्या जागेवर बसून बघितलं. तिथूनही चांदण्याच.

"तू उठल्यावर बदललं असंल!"

* * *

तीनदा चुकलं की दरवाजा बंद, हेही बघायचं होतं. दगडूराव तीनदा चुकले, स्क्रीन गप्प. मी कानात म्हणालो, "पोलिसांना फोन गेला वाटतं."

दगडूराव मागच्या दारानं थेट उसात! चपला संध्याकाळपर्यंत हापिसात.

* * *

क्लार्क शांताबाईंना नितीन म्हणाला, "पासवर्ड तोंडातून काढायचा नाही हं."

"न्हाय काढत. मालकांचंच नाव ठेवलंय!"

* * *

शेवटी आबांची परीक्षा. नितीन कायम व्हायचा की घरी जायचा, ते इथंच ठरणार. आबांनी सगळ्या संचालकांना भिंतीकडं तोंड करायला लावलं. एका बोटानं पासवर्ड घातला, बटण दाबलं. मशीन म्हणालं, चूक!

परत घातला. चूक! नितीनला दरदरून घाम.

आबा मात्र खूश! "शाब्बास! अरं, पासवर्ड नोंदवायच्या दिवशी तू पाठीमागं उभा होतास. मी कशाला खरा देतोय? खोटाच दिला. आज खरा घातला, तरी मशीन घेईना! मला घेईना, तर चोराला काय घेतंय? पोराला कायम करा!"

टाळ्या पडल्या. नितीननं हळूच विचारलं, "आबा, मग तो खोटा कोणता होता?"

आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुला कशाला पायजे?"