सगळीकडे ‘कधीच नाही’

डॉक्टरबाईंनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, “तुम्हाला मुली किती?”

“एकच,” मी म्हणालो.

“मग यातली खरी कोणती?”

डावीकडचा कागद मी भरला होता. एका जागी बसत नाही का, वस्तू हरवते का, आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही का, असे वीसेक प्रश्न. उत्तरं तीनच: कधीच नाही, कधी कधी, नेहमी. मी डोळे झाकून सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण केली होती. उजवीकडचा कागद तिच्या शाळेतल्या गुरुजींनी पाकिटात बंद करून दिला होता. त्यात सगळीकडे ‘नेहमी’.

आमची आठ वर्षांची पायल तेव्हा वजनकाट्यावर चढून माझ्या चपला जोखत होती. बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, “मला गुरुजींचं पटतंय.”

मी खोटं का लिहिलं ते सांगतो, कारण तुम्हीही लिहाल. पोरगी वर्गात टिकत नाही, दुसरीकडे टाका, असं शाळेतून दोनदा सांगून झालं होतं. दुसरीकडे म्हणजे कुठं? आमच्या गावात शाळा एकच. वाटलं, कागदावर एकदा ‘नेहमी’ चढलं की पोरीचं नाव कटलंच.

बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, एडीएचडी. मी आ वासलेला पाहून सोपं केलं. लक्ष एका ठिकाणी ठरत नाही, अंगाला थांबणं जमत नाही, मनात आलं की हात आधी जातो. हा हट्ट नाही, आणि आईबापाची चूकही नाही. यासाठी शाळा नाव काढू शकत नाही, उलट मदत करावी लागते. ऐकून मला रडूच आलं. तेवढ्यात वजनकाटा आडवा पडला आणि माझं रडणं राहून गेलं.

मग दर पंधरा दिवसांनी साकोलीवरून एसटीनं भंडारा. आमचा नंबर नववा असला की पायल आधीच्या आठही जणांना काय दुखतं ते विचारून यायची. एका आजोबांनी तर तिला औषधाची चिठ्ठी दाखवून सल्ला घेतला.

घरी करायचं होतं ते असं: एका वेळी एकच काम सांगायचं, झालं की शाबासकी द्यायची, आणि मारायचं नाही. शेवटचं मला फार जड गेलं. आम्ही तलावावर मासे धरणारी माणसं, आमचं तोंड आणि हात एकदमच चालतात. गेल्या वर्षी काठाला बांधलेला माझा डोंगा, म्हणजे छोटी होडी, कोणीतरी सोडला, तो वाहत जाऊन पलीकडच्या शिंगाड्याच्या वेलांत अडकला. मी चुलतभाऊ दामूवर आळ घेतला, भर गावात त्याला शिव्या घातल्या आणि बोलणंच टाकलं. असा माझा राग. अन् या पोरीनं एक दिवस टोपल्यातल्या जित्या मरळी परत तलावात सोडल्या. “तहान लागली होती त्यायले,” म्हणे. मी शंभरपर्यंत आकडे मोजत तलावाला अर्धी चक्कर मारली. बायकोनं त्या दिवशी मुकाट्यानं वांगी वाढली.

तीन महिन्यांनी बाईंनी तोच कागद पुन्हा दिला. या खेपेला खरं लिहायला बसलो. पायल खांद्यावरून वाचत होती.

“बाबा, हे लिहिलं तं शाळेतून मायं नाव कटन?”

“नाई कटत.”

“मारशीन?”

“नाई.”

ती माझ्याजवळ बसली आणि बसूनच राहिली. तिच्या मानानं पुष्कळच वेळ.

“मंग हे बी लिही. तुया डोंगा मीच सोडला होता. त्याले फिराले जायचं होतं.”

कागदावर डोंग्यासाठी जागा नव्हती. मी पेन ठेवला, तिचा हात धरला आणि दामूचं घर गाठलं. वर्षभरानं मला दारात पाहून तो खाटेवरून हललासुद्धा नाही. मी सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हणालो. तो पायलकडे वळला.

“वर्षभर काहून नाई सांगतलं वं?”

“आता बाबा मारत नाई ना,” ती म्हणाली.

दामूनं आत चहा टाकायला सांगितला. चहा येईपर्यंत पायलनं त्याची बकरी सोडली होती, आणि आम्ही दोघं भाऊ बकरीमागं पळत होतो.