अकरा दिवस कमी

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. देवासमोर उभा राहिलो तेव्हाही दुसरंच काहीतरी पुटपुटलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतं – बघू, जमतं का.

मी चिखलीत एका खाजगी कॉलेजात कारकून आहे. माझी बायको अर्चना नर्स. सहा वर्षं ती खामगावच्या एका दवाखान्यात होती, रोज एसटीनं जाऊन-येऊन. लग्नाला नऊ वर्षं उलटल्यावर तिला दिवस राहिले. त्या नऊ वर्षांत काय काय केलं, ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की ती बातमी कळल्यापासून घरात आम्ही सगळे हळू आवाजात बोलायला लागलो. आईनं दार लावून चोरओटी भरली आणि बजावलं – पाचवा लागेपर्यंत बाहेर कोणाला कळता कामा नये. नजर लागते.

पण खामगावला जाणारा अमडापूरकडचा तो रस्ता, ते एसटीचे दणके. त्याच सुमारास चिखलीतल्याच एका दवाखान्यात नर्सची जागा निघाली. सांगितलं वंदनाताईंनी. त्या तिथल्या मुख्य सिस्टर, अर्चनाहून दहा वर्षांनी मोठ्या. पूर्वी खामगावात असताना त्यांनीच तिला हाताला धरून काम शिकवलं होतं. मला त्या 'जावाई' म्हणायच्या. "काय जावाई, आमच्या पोरीले अजून किती दिवस एसटीत आदळता?" हे भर चौकात, चार माणसांत.

अर्चनाला एकच शंका होती. खामगावात तिला सहा महिन्यांची पगारी बाळंतरजा हक्कानं मिळणार होती. नव्या ठिकाणी मिळेल का? आईच्या धाकानं तिला स्वतः विचारता येईना. ती मला म्हणाली, "तुमी वंदनाताईले विचारा. त्या पोटात ठेवतीन. त्याइले विचारल्याबिगर मी राजीनामा नाही देत."

मी गेलो. म्हणजे – दवाखान्यासमोरच्या टपरीपर्यंत गेलो. चहा घेतला. वंदनाताई काचेच्या दारातून दिसत होत्या, कोणावर तरी ओरडत होत्या आणि हसतही होत्या. फक्त रस्ता ओलांडायचा होता. का नाही ओलांडला? बाळंतपणाचं पुरुषानं काय विचारायचं, ही लाज होतीच. पण खरी भीती निराळी होती. त्या 'नाही मिळत' म्हणाल्या असत्या, तर अर्चना खामगावची नोकरी सोडणार नव्हती. आणि मला ती चिखलीत हवी होती. पोटातल्या जिवासाठी? की दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला घरात असावी म्हणून? हे दोन मला आजही वेगळे करता येत नाहीत.

घरी येऊन म्हणालो, "विचारलं. मिळते म्हने."

तिनं राजीनामा दिला.

इथंच थांबलं असतं, तर मी त्याला चूक म्हटलं असतं. थांबलं नाही. तिला सातवा लागला तेव्हा आमच्या कॉलेजातल्या एका मॅडमचा बाळंतरजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. सोबत नियमाचा कागद. आधीच्या बारा महिन्यांत त्याच ठिकाणी ऐंशी दिवस काम झालेलं असेल, तरच पगारी रजा. मी अर्चनाचे दिवस मोजले. एकोणसत्तर. पुन्हा मोजले. एकोणसत्तरच.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील डोणगावहून तिला न्यायला येणार होते. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यातच न्यायचं, आठव्यात प्रवास नाही – दोन्ही घरांचा रिवाज. सातवा सरायला अजून तीन आठवडे होते. कामाचे उरलेले अकरा दिवस त्यात भरले असते. मी एवढंच म्हणायचं होतं – मामाजी, पंधरा दिवसांनी या. पण 'काऊन?' असं कोणीतरी विचारलंच असतं. मग अर्चनानं विचारलं असतं – पण तुम्ही तर विचारून आला होता ना?

मी तिची बॅग उचलली आणि गाडीत ठेवली.

मुलगी झाली. दवाखान्यानं कळवलं, दिवस भरत नाहीत, रजा मिळणार नाही, लवकर रुजू व्हा नाहीतर जागा भरू. सव्वा महिना झाला आणि अर्चना कामावर गेली. लेकरू माझ्या आईपाशी, वाटीचमच्यावर. भर दुपारी छाती दाटून आली की अर्चना दवाखान्याच्या मोरीत दूध पिळून टाकायची – नऊ वर्षं वाट पाहून आलेलं दूध. पुढं तेही आटलं. मुलगी रडली की आजीकडे हात करायची. आई घ्यायला आली की तोंड फिरवायची.

अर्चनानं वंदनाताईंना भर वॉर्डात धरलं. संध्याकाळी घरी आली, चप्पलही काढली नाही. "त्या म्हंतात, मले कोणं विचारलंच नाही. तुमी गेल्ते ना?"

"गेल्तो," मी म्हणालो. "खोटं बोलून राह्यली ते बाई."

किती सहज निघालं! शोधावंसुद्धा लागलं नाही.

चार दिवसांनी वंदनाताई माझ्या कॉलेजात आल्या. ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. 'जावाई' म्हणाल्या नाहीत. "भाऊ, तुमी मले कवा विचारलं?" मी फाईलची नाडी बांधत होतो. सोडली, पुन्हा बांधली. त्यांनी नाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "असू द्या. मी आल्ती म्हून तिले सांगू नका. लेकरू लहान आहे. माह्यावर राग धरला तं चालते. तुमच्यावर धरला तं लेकरू घेऊन ते राहीन कुठं?"

आणि गेल्या.

सात वर्षं झाली याला. दोघी एकाच दवाखान्यात. पेशंटचं नाव, सलाइन, इंजेक्शन – एवढंच बोलणं. वंदनाताईंनी शब्द पाळला. कोणाचा? मी तर मागितलाही नव्हता.

यंदा त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला त्या स्वतः आल्या. अर्चना स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आतूनच मोठ्यानं म्हणाली, "जिनं माह्या लेकराच्या तोंडचं दूध तोडलं, तिच्या मांडवात मी पाय नाही ठेवत." वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. तेवढ्या वेळात एक वाक्य बोलून झालं असतं. मी पत्रिका घेतली आणि म्हणालो, "येतो." त्यांनी पदर सावरला, पायऱ्या उतरल्या.

आम्ही गेलो नाही. लग्नाच्या दिवशी दोघं घरीच होतो. दुपारी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. ती पत्रिका तिनं कुठून तरी शोधून काढली होती, वरचा गणपती बोटानं गिरवत होती. म्हणाली, "बाबा, त्या मावशी लई वाईट आहेत काय?"

आत अर्चनाच्या हातातलं भांडं थांबलं. तीही ऐकत होती.

"हाव," मी म्हणालो.