शेवटची सोळा पानं

आमच्या कारखान्यातला संप एका कादंबरीमुळे झाला. हे ऐकून शिकलेली माणसं हसतात. हसू देत. मी चौथीपर्यंत शिकलो. माझ्या आयुष्यात तेवढी एकच कादंबरी आली आणि तिलाही शेवट नव्हता.

कारखाना मुलुंडला. पत्र्याचे डबे बनवायचा, रंगाचे, तेलाचे, बिस्किटाचे. साल सत्तरच्या पुढचं. दर रविवारी सकाळी आम्ही चाळीसेक जण युनियनच्या खोलीपुढच्या ओट्यावर अभ्यासवर्गाला बसायचो. वाचून दाखवायचा एक फिटर. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण त्याला चष्मा होता. पुस्तक त्यानं रद्दीवाल्याकडून आणलेलं. कुठल्या तरी थंड मुलुखातल्या काचेच्या कारखान्याची गोष्ट, मराठीत केलेली. वरचं कव्हर गेलेलं आणि शेवटची सोळा पानं गळून पडलेली.

गोष्ट चांगली होती. कामगार उपाशी मरतात, मालक मजेत असतो. मग एक दिवस कामगार भट्टी विझू देतात. आतली काच भट्टीतच गोठते आणि भट्टी कायमची निकामी होते. शेवटी मालक बर्फातून कामगारांच्या वस्तीत येतो, टोपी काढतो, आणि तिथं पान संपतं. पुढचं मास्तर मनानं सांगायचा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मालकानं फक्त पगार वाढवला. दुसऱ्यांदा कारखाना कामगारांच्या ताब्यात आला. पावसाळ्यापर्यंत अख्खा देश आला.

भट्टी विझली की मालक वाकतो, एवढं आम्ही त्यातून घेतलं. आमच्याकडे एकच भट्टी होती, डब्यांवरचा रंग वाळवायची. संपाच्या पहिल्या दिवशी आम्ही ती विझवली. दोघांनी तिला सलाम केला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या कारकुनानं आत जाऊन काडी लावली आणि भट्टी पेटली. पत्रा काही काचेसारखा भट्टीत गोठत नाही. आम्ही गेटबाहेरून धूर बघत उभे.

मास्तर म्हणाला, "पुस्तकातपण आधी असंच होतं."

पुस्तकात असं काही नव्हतं. पण पुस्तक त्याच्याच पिशवीत होतं.

दीड महिना गेला. मग गेटवर नोटीस लागली. सोमवारी सकाळी सही करून आत येईल त्याला कामावर घेऊ, बाकीच्यांची नावं कमी. म्हणजे ठरवायला रविवारचा वर्ग तेवढा उरला.

माझी बायको सातवी पास होती. आमच्या चाळीत एक म्हाताऱ्या मावशी होत्या, त्यांची नजर गेलेली. त्यांच्या कार्डावर स्टेशनजवळच्या वाचनालयातून पुस्तकं आणून ही त्यांना दुपारी वाचून दाखवायची. शनिवारी ती घरात आली आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "अहो, तुमचं काचवालं पुस्तक मिळालं. ह्यात शेवट आहे."

"मग? राज्य आलं ना आपलं?"

"कसलं राज्य? टोपी काढतो ती बर्फ झटकायला."

मालक वस्तीत येतो तो निरोप घ्यायला. त्यानं दुसऱ्या गावात नवी भट्टी बांधलेली असते. तो गाडीत बसून जातो आणि कामगार काम मागायला त्याच्या गाडीमागं चालत जातात. भट्टी विझवा असं पहिल्यांदा ज्यानं सांगितलेलं, त्याला तिथं घेत नाहीत.

मी म्हटलं, "म्हणजे तुझं म्हणणं काय, मी सही करू?"

"मी कशाला सांगू? संप करायचा तर करा. पण पुस्तक वाचून करताय, तर सगळं वाचून करा."

मी तिला वर्गाला घेऊन गेलो. त्या अख्ख्या संपात मी शहाणपणाचं केलं ते एवढंच. तिनं ओट्यावर उभं राहून सोळाच्या सोळा पानं वाचली. कुणी विडीसुद्धा पेटवली नाही. वाचून झाल्यावर मागून एक म्हणाला, "वहिनी, हे पुस्तक कुणी दिलं? शेटनं?"

"मावशींच्या कार्डावर आणलंय. मावशींना शेट दिसायचा नाही, डोळे गेलेत त्यांचे."

एकदोघे हसले. मास्तर हसला नाही. चष्मा पुसत म्हणाला की मालक लोक अशी पुस्तकं वेगळा शेवट घालून छापून घेतात, कामगारांनी खचावं म्हणून. आज हे वेडगळ वाटतं. तेव्हा सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. शेट रेडिओवरच्या बातम्या बदलून घेतो हेही आम्हाला पटलेलं होतं, आणि शेटला तर घरचा फोन नीट चालवून घेता येत नव्हता.

ठराव झाला. कादंबरीचा खरा शेवट मास्तर सांगतो तोच, संप चालू. हात वर करा.

शेजारच्याचा हात वर गेला, त्याच्या शेजारच्याचा गेला. माझाही गेला. ती समोरच पुस्तक घेऊन उभी होती.

"विरोधात कोण?"

तिनं हात वर केला.

मास्तर म्हणाला, "वहिनी, तुम्ही सभासद नाही."

तिनं हात खाली घेतला. ठराव एकमतानं मंजूर झाला.

परत येताना ती वाटेत वाचनालयात पुस्तक देऊन आली. मला म्हणाली, "उद्या जाणार नाही ना?"

"नाही."

"बरं."

सोमवारी चाळीसातल्या तिसांनी सही केली. मास्तरनं केली नाही, आणि मीही नाही. मास्तरचा खरोखरच विश्वास होता, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. दोन वर्षांनी शेटनं तो कारखानाच उचलून गुजरातेत नेला. ते तीस जण आमच्याच रांगेत आले. मी पुढं वॉचमनकी केली, आणि ती वीस वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटत राहिली. त्या रविवारचा विषय तिनं कधी काढला नाही. मीही काढला नाही. मला वाटायचं, विसरली असेल.

गेल्या वर्षी ती आजारी पडली, उठेनाशी झाली. तेव्हा मी म्हटलं, "त्या दिवशी मी हात वर केला गं."

ती डोळे मिटूनच म्हणाली, "सोळा पानं उभ्यानं वाचली हो मी. एवढे बाप्ये, पण एकसुद्धा मध्ये बोलला नाही."

"अगं, मी हाताचं म्हणतोय."

"एकदाही अडखळले नाही." मग म्हणाली, "पाणी द्या."

मी पाणी द्यायला उठलो. ती दोन घोट प्यायली आणि झोपली. मला माफी मागायची होती, ती राहिली. नंतरच्या दिवसांत तिला बोलणं समजत नव्हतं.

चाळीतल्या लोकांना मी इतकी वर्षं सांगत आलो की मी तेव्हा हात वर केलाच नव्हता, गर्दीत कुणाला दिसलं नाही. केला होता. तिला दिसला होता.