निवडून दिलेल्या सुरमया

मस्कतच्या मासळीबाजारात माझी एक चैन होती, मला मासा निवडावा लागत नसे. रत्नागिरीचे एक चाचा तिथे मासे विकायचे. आमच्या प्रयोगशाळेसाठी दर आठवड्याला मोठ्या सुरमया मी त्यांच्याकडूनच घ्यायची. पोट चिरायचं, गाबोळी म्हणजे अंड्यांची पिशवी तपासायची, मादी किती लांबीला वयात येते आणि वयात आलेल्यांपैकी किती जणी यंदा अंडी घालणार, हे लिहायचं. मासेमारी किती दिवस बंद ठेवायची, ते त्यावरून ठरणार होतं. दोन हंगाम माझ्या तक्त्यात जवळजवळ प्रत्येक मोठी मादी भरलेली. साहेब खूश, मी त्याहून खूश. पुण्याची असूनही मला मासा कळतो, म्हणून मस्कतच्या घुब्रा वस्तीतल्या शेजारणींपुढे मी मिरवूनही घेतलं.

तिसऱ्या हंगामात चाचा मुलीच्या लग्नासाठी गावी गेले. शेजारच्या मल्याळी विक्रेत्याने हाताला येतील त्या सुरमया टोपलीत टाकल्या. त्यातल्या कितीतरी माद्यांच्या पोटात नुसती रिकामी पिशवी निघाली. आधी वाटलं, कोवळ्या असतील. पण लांबी भरपूर, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पिशवीची भिंत जाड, आधी अंडी घातलेल्या मादीची असते तशी. म्हणजे वयात आलेल्याच होत्या, यंदाचं वर्ष मात्र त्यांनी सोडून दिलं होतं. अंगात पुरेशी चरबी साठली नाही की मादी अंड्यांच्या भानगडीत पडत नाही, आधी स्वतः जगते. हे मी वाचलेलं होतं. मग दोन वर्षं माझ्या टेबलावर अशी मादी का आली नाही?

चाचा परतल्यावर विचारलं, तर ते हसले.

"पोट दाबून भरलेलीच काढून ठेवतो ना तुमच्यासाठी! आपल्या मानसांना गाबोळी नको व्हय? रिकाम्या जातात हॉटेलवाल्यांना. अर्बाब, मालक हो, ओरडतो, मी म्हणतो, बाय माझ्या मुलखातली हाय."

मायेने केलं होतं सगळं. खोटं कशाला बोलू, तपासणी उरकली की थोडी गाबोळी मी घरी नेतही असे. नमुना न निवडता घ्यावा, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. चाचांना मी ते कधी सांगितलंच नव्हतं. चांगला मासा मिळतोय, तर कशाला तोंड उघडा?

माझा करार त्याच महिन्यात नव्याने व्हायचा होता. दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी दोन्ही हंगामांचे आकडे बाद धरावेत, असं साहेबांना लिहून दिलं, खाली कारणही लिहिलं.

पुढच्या आठवड्यात चाचांना म्हटलं, "आता येतील तशा द्या, निवडू नका. निवडल्यामुळे दोन वर्षांचं काम वाया गेलं."

त्यांचा चेहरा उतरला. सुरी खाली ठेवत म्हणाले, "माझ्यामुळं? बाय, साहेब तुमच्यावर रागावला नाय ना?"

"नाही," मी म्हणाले.

ते खरंच होतं. करारावर सहीसुद्धा झाली होती. कारण म्हणून मी लिहिलं होतं, विक्रेत्याने न विचारता मासे निवडून दिले.