बांधावरची लाईन आणि माझा टॉवेल

माझी शाळा चौथीपर्यंत. पण अंजूरच्या खाडीकडची उघाडी मी चाळीस वर्षं सांभाळली. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते, भरतीचं खारं पाणी आत येऊ देत नाही. तेव्हा काय कुठून येतं आणि कुठं जातं, हे मला कुणी शिकवायचं काम नाही.

माझी सून भिवंडीच्या लूमवरून टॉवेल-चादरी आणते आणि ओटीवर बसून मोबाईलवर लाईव्ह विकते. ही इथं बोलते, तिकडे बाया बघतात आणि लिहून मागवतात. पण चित्र मधेच अडकायचं. हिचं तोंड उघडं, चादर हवेत, आणि गिऱ्हाईक पसार.

एक दिवस ती म्हणाली, "बाबा, असंच चाललं तर दिवाळीनंतर हे बंद. गोडाऊनला पॅकिंगला जाईन."

"जरा मोठ्यानं बोल, पोचंल," मी म्हणालो.

ती चादरीची घडी घालायला लागली. शहाणी आहे.

तिनं इंटरनेटच्या लाईनवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, नवी लाईन टाकावी लागेल, आणि ती तुमच्या बांधावरून.

"बांधाला कुदळ लागणार न्हाय," मी सांगितलं. मागं एका गोडाऊनवाल्यानं न विचारता बांध खणून पाईप नेला होता. भरावाची माती नुसती लोटून गेला. खाडी आत शिरली आणि दोन वर्षं भात झालं नाही.

"अहो काका, रस्त्याकडेनं टाकली तर ट्रक आणि जेसीबी महिन्यात तोडतील."

"तोडू देत."

तो तीनदा आला, तीनदा गेला. सून भाकरी वाढताना ताटात जरा जोरात टाकायला लागली.

मग तो रविवार आला. मी आंघोळ करून निघालो. कमरेला टॉवेल, पाठीला खाज, हातात सुनेची कापड मोजायची पट्टी. पाठ खाजवत ओटीवरून आत चाललो होतो. सून ओरडली, "बाबा, लाईव्ह हाय!" मी तसाच वळलो, आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं.

मी आत गेलो, शर्ट घातला, चहा प्यालो. पण बघणाऱ्यांच्या मोबाईलमधला मी तिथंच. पट्टी पाठीत, एक डोळा मिटलेला. माझी बहीण गणेशपुरीला असते, तिचा फोन आला. "दादा, बरा हायस ना? मगापासून हलत न्हायस."

त्यात एका बाईनं लिहून विचारलं होतं, आजोबांच्या कमरेचा टॉवेल केवढ्याला? सून पदर तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. कारण तो टॉवेल मागणाऱ्या बाईला ती उत्तरही देऊ शकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मीच लाईनवाल्याला बोलावून घेतलं. माझ्या टॉवेलासाठी नव्हे, चौकशीसाठी.

"टीव्हीवरचा पिक्चर आमच्याकडं सरळ येतो. मग मी का अडकलो?"

"काका, ही लाईन जुनी. तेव्हा लोक नुसते बघायचे. म्हणून यायला वाट रुंद केली, जायला बारीक. आता घरोघर दुकान झालंय. पोरांचे क्लास, गोडाऊनचे कॅमेरे, डॉक्टरला दुखणं दाखवणं, सगळ्यांना इथून पाठवायचंय."

"म्हंजे तुमची उघाडी उलटी बसवलीय. येऊ देते, जाऊ देत न्हाय."

तो हसला. "बरोबर बोललात."

"ठाऊक हाय मला. मग उद्या लोक आणखी काय पाठवतील?"

"ते कुणालाच माहीत नाही, काका. लोक आधी काहीतरी नवीन सुरू करतात, मग आम्ही लाईन बदलत बसतो."

"मग दर वेळी माझा बांध खणणार? आत्ताच दोन नळ्या जास्तीच्या टाका. रिकाम्या. माझ्या बापानं उघाडी एका झडपेची केली होती, पाणी वाढलं तेव्हा मला सगळा बांध उकरावा लागला."

त्यानं फोनवर साहेबाला विचारलं आणि दोन रिकाम्या नळ्या कबूल केल्या. मग मी माझी खरी अट सांगितली. आमच्यात बांध जो उकरतो त्यानंच तो अनवाणी तुडवायचा, टाचेला माती घट्ट लागेपर्यंत.

"मशीननं दाबतो ना."

"मशीनला टाच हाय का?"

नळ्या पुरून झाल्यावर त्याच्या चौघा माणसांनी बूट काढले. मी पुढे, ते मागे, असा बांध तुडवला. एकाला खेकडा चावला. मी म्हणालो, म्हणजे माती ओली हाय, चांगलं हाय.

नवी लाईन चालू झाली आणि पुढच्या रविवारी सुनेनं मला ओटीवर बोलावलं. लोक त्याच टॉवेलाबद्दल विचारत होते, तर तो मीच धरून दाखवायचा. मी इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली, टॉवेल दोन्ही हातांत धरला आणि ताठ उभा राहिलो. डोळ्याची पापणी हलू दिली नाही.

सून मोबाईलकडे बघून खुसखुसली. "बाबा, जरा हला ना. सगळ्या लिहितायत, आजोबा परत अडकले."