धवलारीण पडलेल्या पार्टीची

निवडणूक एका दिवसात आटोपते, किस्से मात्र पुढची निवडणूक आली तरी पुरून उरतात. कुणी ते मुद्दाम जमवत नाही. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे आपोआप साठतात, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! परवा असंच झालं. जिंकलेल्या पार्टीने विरोधात मत देणाऱ्यांशी कसं वागावं, यावर मित्रांत वाद चालला होता. सगळे मोठमोठ्या नेत्यांची नावं घेत होते आणि मला आमच्या तात्यांची पिठाने माखलेली कचेरी आठवत होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी ठाणे-बेलापूर पट्टीतल्या एका कारखान्यात नोकरीला आणि घणसोलीच्या अलीकडच्या एका गावात भाड्याच्या खोलीत राहायला. वाशीला नव्या टाउनशिपच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि इकडे गावोगाव एकच भांडण पेटलं होतं : जमिनी द्यायच्या की नाही? आमची वरची आळी म्हणे, सरकारशी बोलू, बदल्यात मिळेल तेवढं पदरात पाडून घेऊ. खालची आळी म्हणे, तसूभर द्यायची नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक त्याच मुद्द्यावर झाली आणि सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

वरच्या आळीचे पुढारी तात्या. त्यांची कचेरी पिठाच्या गिरणीला लागून होती. मी संध्याकाळी तिथे बसून पत्रकं लिहून द्यायचो. माझं स्वतःचं मत गावात नव्हतंच, ते राहिलं तिकडे वाईला. त्यामुळे दोन्ही आळ्या मला ‘पावनं’ म्हणत आणि दोन्हीकडे चहा मिळे.

आमचे सदस्य थोड्या फरकाने जास्त आले आणि तात्या सरपंच झाले. पण घरात आनंदाऐवजी काळजीच सुरू झाली. एकुलत्या मुलीचं, यशोदेचं, लग्न माघात ठरलेलं. आगरी लग्नात धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय हळद लागत नाही, आणि आमच्या गावाची धवलारीण भागूबाय पडली खालच्या आळीची. नुसती राहायला नव्हे, पार्टीनेसुद्धा! प्रचारात तिने तात्यांवर गाणंच रचलं होतं : ‘नवा सदरा शिवलाय गो, गाव विकाया निंगलाय गो!’

एकदा तात्यांच्या घरी चहाला गेलो, तर आत तात्यांची बायको तांदूळ निवडता निवडता तेच गुणगुणत होती! तात्यांनी डोळे वटारले.

“चाल चांगली हाय,” काकू म्हणाल्या. “मी काय करू?”

*

निकालाच्या दिवसाचा किस्सा बबनचा. बबन म्हणजे तात्यांचा उजवा हात आणि तोंडाचा फाटका. निकाल यायच्या वेळेला हा न्हाव्यासमोर दाढीला बसला होता. न्हावी खालच्या पार्टीचा. डावा गाल झाला, उजव्या गालाला साबण लागला आणि बाहेर फटाके वाजले. न्हाव्याने वस्तरा मिटला, धोकटीत टाकला आणि एक अक्षर न बोलता घरी जाऊन आडवा झाला!

बबन तसाच मिरवणुकीत नाचला. एका गालावर गुलाल, दुसऱ्यावर गुलालही आणि खुंटही. दुसऱ्या दिवशी म्हणतो कसा, “मी त्याच्या दारात पाय ठेवनार नाय. वाशीला जाईन, नायतर दाढी वाढवीन.”

तात्या म्हणाले, “त्याच्याकडंच जा. उरलेली करून घे आनि पैसं पुऱ्या दाढीचं दे.”

“आनि गला कापला तर?”

“तर पोटनिवडनूक घेऊ,” तात्या म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

बबन गेला. न्हाव्याने उजवा गाल केला, पण दोघेही छताकडे बघत होते म्हणे. दाढी करणाऱ्यानेही छताकडे बघावं, हे काही मला पटत नाही. पण बबन शपथेवर सांगायचा.

*

मग नळ आला. पंचायतीच्या पाइपलाइनचा पहिला नळ तात्यांनी खालच्या आळीत बसवला आणि कचेरीत बॉम्बच पडला.

“मतं आमी दिली आनि पानी त्यांना?” बबन ओरडला.

“पाइप कुठल्या बाजूनं येतो?” तात्यांनी विचारलं.

“खालच्या.”

“मग वरच्या आलीला आधी पानी द्यायला तो काय उडवत आनू?”

हिशेब बिनचूक होता, पण कुणाला पटला नाही. कचेरीत कुजबुज सुरू झाली की, तात्या गोड वागतात ते मुलीच्या लग्नासाठी, धवलारीण हातची जाऊ नये म्हणून. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. खालच्या आळीतही लोक हेच बोलत. भागूबाय स्वतः नव्या नळावर हंडा लावून मोठ्याने म्हणाली, “माघात लगीन हाय ना, म्हून पानी आलाय!” बायका खो खो हसल्या. भरलेला हंडा मात्र ती घेऊन गेली.

*

खालच्या आळीचा एक म्हातारा मुलाच्या नोकरीसाठी रहिवासी दाखला मागायला आला. मुलाला कारखान्यात बोलावणं आलं होतं. दाखला सही होऊन टेबलावर पडलेला, तरी बबनने त्याला सांगितलं, “उद्या या.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी म्हातारा काकुळतीला आला. तात्या नेमके तेव्हा कचेरीत शिरले. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. दाखला म्हाताऱ्याच्या हातात दिला, नमस्कार केला आणि खुर्चीत बसले.

थोड्या वेळाने चहा आला. बबनने हात पुढे केला.

“उद्या ये,” तात्या म्हणाले.

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी बबनने पुन्हा हात पुढे केला.

“उद्या ये.”

तिसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. बबन उठून बाहेर गेला. त्या म्हाताऱ्याच्या मुलाला मात्र नोकरी लागली. पुढे तो माझ्याच कारखान्यात आला, म्हणून मला माहीत.

*

भातं पोटरीला आली होती तेव्हा मोठं उधाण आलं आणि खाडीच्या बांधाला खांड पडली. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं तिथे काही पिकत नाही. बांध फुटला की घरटी एका माणसाने धावायचं, ही गावची जुनी रीत. पण खांड पडली होती खालच्या आळीच्या शेतांच्या बाजूला, त्यामुळे कचेरीतले सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. तात्यांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि निघाले. मग काय, सगळ्यांनाच निघावं लागलं!

खांडीत कमरेएवढ्या चिखलात एका बाजूला तात्या आणि हातभर अंतरावर खालच्या पार्टीचा पुढारी हसुराम. निवडणुकीपासून दोघांचं बोलणं बंद. मध्ये मी, पेंढ्याचे भारे पुढे देत.

“पावनं, त्याला सांगा, पेंढा हिकडं टाक,” तात्या म्हणाले.

“पावनं, त्याला सांगा, मी आंधला नाय.”

“पावनं, त्याला सांगा, ढेपा उलट्या लावतोय.”

“त्याला सांगा, माज्या बापानं हाच बांध घातलाय!”

मी दोघांचंही सांगत होतो, जणू एक ठाण्याला आणि दुसरा पनवेलला उभा आहे! एवढ्यात बांधाची कड सुटली आणि तात्या छातीपर्यंत आत गेले. पाय रुतले, वरून पाण्याचा लोंढा.

“तात्या, हात दे!” हसुराम ओरडला आणि दोन्ही हातांनी त्यांना ओढून काढलं.

दोघे बांधावर धापा टाकत बसले. दम परत आला तसा हसुराम माझ्याकडे वळला.

“पावनं, त्याला सांगा, हात दिला म्हंजे मत दिला असा समजू नको!”

*

पौषाच्या शेवटी तात्या भागूबायकडे गेले. हातात नारळ-सुपारी, बरोबर मी. म्हातारी ओट्यावर जाळं विणत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

“येन,” ती म्हणाली. “पोर माज्या मांडीवर वाडलीय. पन पुडल्या येलेला माज्या दारात मत मागाला येव नको.”

“येनार,” तात्या म्हणाले. “मागनार पन. तू देव नको!”

भागूबायने जाळं खाली ठेवलं आणि नारळ घेतला. परत येताना तात्या चक्क शीळ घालत होते, आणि शिळेची चाल तीच होती, ‘नवा सदरा शिवलाय गो’ची.

*

हळदीचा दिवस. ऊन उतरलं होतं. मांडवात यशोदा पाटावर बसलेली, हळद वाटून तयार, करवल्या सजलेल्या. भागूबाय आली, मुलीच्या गालावरून हात फिरवला, बसली आणि गप्प झाली. सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत. ती मांडवभर नजर फिरवतेय.

“खालची आली कुटं हाय?” तिने विचारलं.

तेव्हा आमच्या लक्षात आलं. घरोघर अक्षता देऊन आमंत्रण करायचं काम बबनकडे होतं. त्याने वरची आळी केली आणि खालची गाळली, कुणाला न सांगता! तात्यांनी बबनकडे बघितलं. बबन मांडवाच्या खांबाकडे बघत होता.

“ज्यांनी मत नाय दिला त्यांना जेवन कशाला?” तो पुटपुटला.

“मी एकली गायले,” भागूबाय म्हणाली, “तं लोक म्हंतील, भागू पार्टी सोडून गेली. मी पार्टी सोडली नाय. धवला गावाचा हाय, निम्म्या गावात मी तो गानार नाय.”

यशोदेचे डोळे भरून आले. काकू आत जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सासरकडची माणसं यायची वेळ झाली होती. तात्यांनी अक्षतांचं ताट उचललं, चपलासुद्धा घातल्या नाहीत आणि खालच्या आळीची वाट धरली. मी मागोमाग.

एवढ्या सभा गाजवलेला माणूस, पण ताटातल्या अक्षता पुन्हा पुन्हा सारख्या करत होता. वाटेत एकदाच थांबले.

“पावनं, कुनी तोंडावर दार लावला तर?”

मलाही तीच भीती वाटत होती. आळीच्या तोंडाशी पहिलंच घर हसुरामचं. आम्ही वळणावरून पुढे झालो.

हसुराम ओट्यावर बसला होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला तेल. शेजारी बायको, नवं लुगडं नेसून, केसांत अबोली. पोरांच्या तोंडांवर पावडरचे थर. आणि त्याच्या पलीकडे, आळीच्या टोकापर्यंत प्रत्येक ओट्यावर तेच : नवे कपडे घालून सगळी घरं बाहेर बसलेली. तो न्हावीसुद्धा! सगळे आमच्याकडे बघत होते.

तात्या ओट्याशी गेले. ताट पुढे करून कसेबसे म्हणाले, “हसुराम, चूक झाली... आमंतरन...”

हसुराम जपून उठला, सदऱ्याला घडी पडू न देता.

“आमंतरन वाटंत जाता जाता दे,” तो म्हणाला. “आदी चल! दुपारपासून हा सदरा घालून बसलोय, पाठ टेकता येत नाय!”