अण्णांच्या पंगतीतले स्पीकर

सबंध बेंगळुरात आमच्या घरमालकांइतका न्यायी माणूस झाला नाही, आणि त्यांच्या न्यायाने लोकांना जेवढा त्रास झाला तेवढा दुसऱ्या कुणाच्या अन्यायानेही झाला नसेल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी हेब्बाळला त्यांच्या घराच्या खालच्या खोल्यांत भाड्याने राहायचो. मूळचे ते निपाणीकडचे, पण उभा जन्म बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात गेल्यामुळे मराठीत कानडी मिसळून बोलत. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही म्हणायचो. भावंडांत धाकटे आणि चणीने सगळ्यांत छोटे. ‘तू लहान आहेस, तुला कशाला?’ हे वाक्य बालपणी इतकं ऐकलं होतं की मोठेपणी त्यांनी ‘लहान’ हा शब्दच घरातून हद्दपार केला. सगळ्यांना सगळं सारखं, हा त्यांचा कायदा. पंगतीत पैलवानाला तीन भाकऱ्या, तर शेजारच्या बालवाडीतल्या पोरीलाही तीन. एकदा पुण्याहून माझी आई आली. ती चिमणीसारखं खाणारी. तिसरी भाकरी ताटात पडली तेव्हा तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. “असू दे की ओ,” अण्णा म्हणाले, “तुम्ही काय कुणापेक्षा कमी आहात काय?” आईने भाकरी संपवली आणि पुढचे दोन दिवस ताकावर काढले.

हा कायदा सगळ्यांत जास्त भोवला तो अक्कांना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला. प्यायच्या पाण्याचा नळ खाली अंगणात आणि स्वयंपाकघर वर. टाकीतलं पाणी प्यायचं नाही, हा अण्णांचा आणखी एक कायदा. त्यामुळे रोज सकाळी एक पितळी कळशी अण्णा वर नेत आणि तेवढीच दुसरी अक्का. अक्कांचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते. एक पायरी चढायची, कठड्याला धरून थांबायचं, धाप टाकायची, मग दुसरी. मी एकदा कळशी घ्यायला धावलो तर अण्णांनी मला अडवलं. “नको की ओ! तिला अपमान वाटेल. ती काय लहान आहे?” अक्कांनी नुसती मान हलवली. बोलायला श्वास लागतो.

अशा माणसाच्या घरी अमेरिकेतल्या पुतण्याने होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे सिनेमाचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारं यंत्र, आणून दिला. पुढे दोन कपाटासारखे स्पीकर, कोपऱ्यात जाड्या आवाजांसाठी सबवूफरचा दांडगा डबा, आणि मागच्या भिंतीवर लावायला अण्णांनी स्वतः एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पारखून आणलेले दोन तळहाताएवढे स्पीकर. जोडाजोडी माझ्याकडे आली, कारण मी सॉफ्टवेअरमध्ये होतो आणि वायर असलेली कुठलीही वस्तू मला कळते असं अण्णांचं ठाम मत होतं. सगळं सुरळीत चाललं होतं, तोच त्या यंत्राने पडद्यावर विचारलं, मागचे स्पीकर लार्ज की स्मॉल?

“लार्ज,” अण्णा म्हणाले.

मी समजावून सांगितलं. स्मॉल म्हटलं की एका ठरावीक हद्दीखालचे जाडे आवाज, म्हणजे ढोल, बाँब, ढगांचा गडगडाट, रिसीव्हर मागे पाठवत नाही, कोपऱ्यातल्या डब्याकडे वळवतो. ती हद्द कुठे आखायची तेही आपल्या हातात असतं. या चिमुकल्यांसाठी जरा वरच आखू या.

अण्णांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे ह्यांच्या तोंडचा घास काढून त्या दांडगटाला द्यायचा? माझ्या घरात? स्वल्प विचार करा, इंजिनियर!”

लार्ज झालं. मग दर रविवारी दुपारी अण्णा अख्ख्या गल्लीला बोलावून युद्धाचा एक इंग्रजी सिनेमा दाखवू लागले. पुढे तोफा धडाडत आणि मागे ते दोन जीव पापड भाजल्यासारखे तडतडत. पाहुणे माना आत घेऊन बसत. “बघा, कसे झुंजतात!” अण्णा अभिमानाने सांगत. एका रविवारी मोठा बाँब पडला आणि डावीकडचा स्पीकर फट् करून कायमचा गप्प झाला. अण्णांनी सिनेमा बंद केला. गल्ली मयताला आल्यासारखी थोडा वेळ बसून, चहा घेऊन गेली.

अण्णा तो स्पीकर मांडीवर घेऊन बसून राहिले. अक्का दारात गुडघा चोळत उभ्या होत्या.

“झेपत नव्हतं हो त्याला,” त्या म्हणाल्या.

“मान देत होतो की गं मी त्याला. दुसऱ्यांइतकाच.”

“देत होता की. पण कळशीत भरून देत होता.”

अण्णांनी वर पाहिलं. मग अक्कांच्या गुडघ्याकडे पाहिलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण माझा चहा संपला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ते नवा स्पीकर घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “सरी, बरं. स्मॉल करा.” मी केलं, हद्द वर आखली आणि तोच सिनेमा लावला. बाँब कोपऱ्यात पडले. मग जंगलातलं एक शांत दृश्य आलं, आणि आमच्या पाठीमागे कुणीतरी वाळक्या पानांवर हलकेच पाऊल टाकलं. “कोण आलंय बघतो,” म्हणत अण्णा उठले आणि चक्क दार उघडून अंगणात डोकावून आले. परत येऊन त्या स्पीकरांसमोर हात मागे बांधून उभे राहिले. “एवढं गोड बोलतात हे? आणि मी ह्यांच्याकडून ढोल वाजवून घेत होतो!”

सकाळी जिन्यावर अण्णा दिसले. एक कळशी वर ठेवून आता दुसरीही तेच नेत होते. त्यांच्या मागून अक्का फक्त तांब्या घेऊन चढत होत्या आणि चढता चढता गुणगुणत होत्या. मी तिथे इतके दिवस राहिलो, पण अक्का गातात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अण्णांनाही नसावं. कळशी हातात तशीच धरून ते वरच्या पायरीवर ऐकत उभे होते.

आता अण्णा नाहीत. व्हाइटफील्डच्या माझ्या घरातला रिसीव्हर लार्ज-स्मॉल स्वतःच ठरवतो, मला विचारतही नाही. पण मागच्या स्पीकरमधून एखादं पान वाजलं की मी अजूनही उठून दार उघडतो. बाहेर कुणी नसतं. बायको हसते. मी थोडा वेळ तसाच दारात उभा राहतो.